कोळ्याची भीती: एक्सपोजर करताय तर असं करा, म्हणजे टिकेल

एक्सपोजर थेरपी, म्हणजे ज्याची भीती वाटते त्याला ठरवून सामोरं जाण्याचा उपचार, म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात एकच चित्र असतं. कोळ्यासमोर बसायचं, भीती (शून्य ते शंभर अशी मोजली तर) शंभरावर जाते, तसंच बसून राहायचं, अर्ध्या-पाऊण तासात ती वीसवर येते, झालं, घरी जा. आणि मग पंधरा दिवसांनी रात्री बाथरूमचा दिवा लावला की गिझरच्या मागून तो पळतो आणि परत तीच किंकाळी, तीच धावपळ, आणि मग माणूस ठरवून टाकतो की आपल्याला थेरपीचा काही उपयोग नाही. मी पुण्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते आणि असं "करून बघितलं, फरक नाही पडला" म्हणणारी माणसं माझ्याकडे नेहमी येतात. त्यांच्याशी नीट बोललं की जवळजवळ प्रत्येक वेळी हेच कळतं की हिंमत त्यांनी भरपूर केली होती, पण ती चुकीच्या जागी खर्च झाली. भीतीचा आकडा खाली आणणं हेच काम आहे असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं होतं. कामाची गोष्ट वेगळी आहे, आणि तीच इथे सविस्तर लिहितेय, ज्यांना भीती आहे त्यांच्यासाठी, त्यांच्या घरच्यांसाठी, आणि नव्याने काम करायला लागलेल्या समुपदेशकांसाठीसुद्धा.

थोडा इतिहास, कारण त्यातूनच पद्धत कळते. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी जेमतेम तीन वर्षांच्या पीटर नावाच्या मुलाची सशाची भीती घालवली, तो आवडीचं खात असताना ससा थोडा थोडा जवळ आणून. १९५८ मध्ये जोसेफ वोल्पे यांनी याची रीतसर पद्धत मांडली, अंग सैल सोडायचं आणि भीतीची शिडी खालून वर चढायची. मग स्वीडनच्या लार्स-यॉरन ओस्ट यांनी १९८९ मध्ये सांगितलं की ठराविक फोबियासाठी, म्हणजे एखाद्याच गोष्टीच्या तीव्र भीतीसाठी, महिनोन्महिने लागत नाहीत, एकच सलग सेशन, जास्तीत जास्त तीन तासांचं, पुरतं. त्यांच्या त्या पेपरमधल्या २० पेशंटना सरासरी २.१ तास लागले आणि सरासरी चार वर्षांनी बघितलं तेव्हा त्यातले ९० टक्के लोक बरे किंवा खूपच सुधारलेले होते. म्हणजे हा फोबिया चिवट दिसतो पण उपचाराला चांगली दाद देतो, हे आधी मनात पक्कं करा.

पुढचा मोठा बदल कॅलिफोर्नियातल्या मिशेल क्रास्के यांच्या कामातून आला, २०१४ चा त्यांचा पेपर आमच्या क्षेत्रात सगळे वाचतात. त्यांचं म्हणणं असं की जुनी भीती मेंदूतून खोडली जात नाही. "कोळी म्हणजे धोका" हे जिथं आहे तिथंच राहतं, आणि एक्सपोजरने त्याच्या शेजारी "कोळी दिसला आणि काही झालं नाही" अशी नवी नोंद होते. पुढच्या वेळी कोळी दिसला की दोन्हीपैकी जी आधी आणि जोरात आठवेल ती जिंकते. त्यामुळे आपलं सगळं लक्ष ही नवी नोंद ठळक कशी होईल इकडे हवं, आणि ठळक होते ती अंदाज चुकल्यावर. तुम्हाला खात्री होती की असं होणार, आणि झालंच नाही. हा धक्का जितका मोठा तितकं शिकणं पक्कं.

आधी अंदाज लिहून काढा

वही घ्या, फोनवर नको, फोन हातात असला की माणूस दुसरीकडे पळतो. आता कोळ्यासमोर गेल्यावर नेमकं काय होईल ते लिहा. इथे बहुतेक जण लिहितात "मला खूप भीती वाटेल". हे लिहू नका, कारण भीती तर वाटणारच, अंदाज खरा ठरणार आणि मेंदू म्हणणार, बघ, सांगितलं होतं ना. तपासता येईल असं लिहायचं. "ग्लास उचलला की पाच सेकंदांत तो माझ्या हातावर चढेल." "मी दोन फुटांवर उभी राहिले तर तो तोंडावर उडी मारेल." "मी बेशुद्ध पडेन." "मला ओरडणं थांबवताच येणार नाही आणि शेजारचे धावत येतील." प्रत्येकापुढे टक्के लिहा, किती खात्री वाटतेय, ८० की ९५. लाज वाटून कमी लिहू नका, आत्ता जे वाटतंय तेच लिहा, नंतर हेच आकडे कामाला येणार आहेत.

बेशुद्ध पडण्याबद्दल एक सांगून ठेवते कारण ही काळजी फार जणांना असते. रक्त किंवा इंजेक्शनच्या भीतीत रक्तदाब एकदम खाली जातो आणि माणसं खरंच पडतात. कोळ्याच्या भीतीत उलटं होतं, ठोके आणि रक्तदाब वाढतात, त्यामुळे चक्कर आल्यासारखं वाटलं तरी प्रत्यक्ष शुद्ध हरपणं दुर्मीळ.

मग सराव करायचा आणि लगेच, पाणी प्यायच्याही आधी, वहीत दुसऱ्या बाजूला लिहायचं: काय होईल वाटलं होतं, काय झालं, यातलं कशाचं आश्चर्य वाटलं. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि लोक नेमका तोच गाळतात. सराव कधी थांबवायचा हेही अंदाजावरून ठरवा. तो हातावर चढणार की नाही हे तपासून झालं की झालं, भीती अजून सत्तर असली तरी चालेल. आणि भीती वीसवर आली पण तपासायचं होतं ते तपासलंच नाही, तर सराव अजून झालेला नाही.

कोणता कोळी घ्यायचा

आपल्याकडे घरात साधारण तीन तऱ्हेचे दिसतात. पहिला म्हणजे छताच्या कोपऱ्यात उलटा लटकलेला, बारीकसं अंग आणि काटक्यांसारखे लांब पाय, ज्याची जाळी आपण दिवाळीच्या साफसफाईत काढतो. जाळ्याला धक्का लागला की तो जोरजोरात हलायला लागतो, लोकांना वाटतं अंगावर येतोय, पण ते त्याचं स्वतःला वाचवणं आहे, हलताना तो शत्रूला नीट दिसत नाही. दुसरा खिडकीच्या ग्रिलवर, भिंतीवर टुणटुण फिरणारा उडीबाज कोळी, बोटाच्या नखाएवढा, त्याचे पुढचे दोन डोळे मोठे असतात आणि तुम्ही जवळ गेलात की तो वळून खरंच तुमच्याकडे बघतो. माझा अनुभव असा की सुरुवातीला हाच बरा, कारण तो बघतो म्हटल्यावर माणसाला त्याच्याबद्दल कुतूहल वाटायला लागतं. (२०२१ मध्ये ठाणे परिसरातल्या एका उडीबाज कोळ्याला हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्या नावावरून आयशियस तुकारामी असं शास्त्रीय नाव दिलं गेलं. मी हे माझ्याकडे येणाऱ्यांना आवर्जून सांगते, ऐकून चेहऱ्यावरचा ताण जरा सैल होतो.)

तिसरा तो, ज्याच्यासाठी बहुतेक लोक माझ्याकडे येतात. तपकिरी, चपटा, पाय पसरले की तळहाताएवढा, फोटोफ्रेमच्या किंवा आरशाच्या मागून निघणारा. तो जाळं करत नाही, झुरळांमागे फिरतो. मादी पोटाखाली पांढरी चपटी अंड्यांची थैली घेऊन फिरते, ते बघून लोकांची गाळण उडते. तो अचानक पळतो, अचानक थांबतो, परत पळतो, आणि "माझ्याच दिशेने आला" असं सगळे सांगतात. त्याला हवी असते एखादी अंधारी फट, ती कधी कधी तुमच्या बाजूला असते.

याच्या बाबतीत एक सोपा सराव आहे. कोळी बघण्याआधी, किंवा शेवटचा बघितलेला आठवून, कागदावर त्याचा आकार काढा, पायासकट. मग प्रत्यक्षात ग्लासखाली असताना बाहेरून पट्टी लावून मोजा. अमेरिकेत २०१२ साली अभ्यास झालाय की भीती जितकी जास्त तितका कोळी मोठा दिसतो, आणि माझ्याकडे कागदावरचा कोळी खऱ्यापेक्षा लहान निघाल्याचं मला तरी आठवत नाही. हाही एक चुकलेला अंदाजच, आणि तो आकड्यात दिसतो.

माहिती एकदाच वाचा. कोळी अंगावरून गेला की फोड येतात असं घरोघरी म्हणतात, पण पावसाळ्यात दिव्यावर येणारा एक बारीक लाल-काळा किडा असतो, तो अंगावर चिरडला गेला की तसे जळजळणारे फोड येतात, किंवा मग ती नागीण असते आणि ती व्हायरसमुळे होते. हे एकदा कळलं की पुरे. प्रत्येक वेळी सरावाआधी "हा विषारी आहे का" म्हणून गुगल करत बसलात तर ते बघणं हाच कुबडीचा आधार होऊन बसतो.

आणि सुरक्षिततेचं: सराव घरातल्या कोळ्यांवरच. तळहाताएवढ्याला हातात घ्यायची गरज नाही, दाबला गेला तर तो चावू शकतो, दुखतं. सह्याद्रीत बिळात राहणारे जाड केसाळ कोळी असतात त्यांना तर अजिबात हात लावायचा नाही, त्यांचा चावा फारच त्रासदायक असतो.

ग्लास आणि पत्रिका

ओस्ट यांच्या सेशनमध्ये पहिली मोठी पायरी म्हणजे कोळी ग्लासात पकडून बाहेर सोडणं, आणि मला विचाराल तर घरगुती आयुष्यात याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. कारण भीती असलेल्या माणसाचा खरा प्रश्न असतो की घरी एकटी असताना आला तर मी काय करू. त्याचं उत्तर हातात आलं की निम्मं ओझं उतरतं.

पारदर्शक ग्लास घ्या, तोंड रुंद असलेला. जाड कार्ड घ्या, जुनी लग्नपत्रिका उत्तम, मधे वाकत नाही. ग्लास भिंतीवर सपाट टेकवायचा, कोळी मधोमध येईल असा. तो आत थोडा धावेल, धावू द्या. थांबला की कार्ड एका कडेने अगदी हळू सरकवायचं, त्याचे पाय कार्डाला लागतील आणि तो स्वतःच पाय उचलून वर येईल, घाई केली तर पाय चिमटतात. मग एक हात कार्डाखाली, ग्लास उलटा करून छातीसमोर धरायचा आणि बघायचं.

बँकेत नोकरी करणारी एक बाई माझ्याकडे यायची, तिच्या घरी संध्याकाळचा नियम होता की नवरा आधी बाथरूम बघून येणार, शॉवरच्या मागे, बादलीखाली, दाराच्या मागे, मग ती आत जाणार. तिचा लिहिलेला अंदाज होता, "ग्लास हातात घेतला की तो माझ्या चेहऱ्याच्या बाजूला सरकत राहील, कारण त्याला कळतं", खात्री ९० टक्के. ग्लास हातात आला तेव्हा ती त्याच्याकडे बघतच नव्हती, श्वास धरून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, माझ्याकडे नको, त्याच्याकडे बघा आणि सांगा आत्ता तो काय करतोय. तिने बघितलं. कोळी ग्लासच्या तळाशी पाय जवळ घेऊन गप्प बसला होता, तिच्या चेहऱ्यापासून जितकं लांब जाता येईल तितका लांब. मी सांगितलं ग्लास थोडा फिरवा. तो एक चक्कर धावला आणि परत तिच्या विरुद्ध बाजूला जाऊन थांबला. तिने स्वतःहून परत फिरवला, परत तेच. "हा तर माझ्यापासून पळतोय," असं ती म्हणाली, आणि वहीत आश्चर्याच्या रकान्यात तेच वाक्य लिहिलं. भीती तेव्हाही साठच्या वर होती. पण तो दिवस तिच्या कामी आला.

ही पायरी एकाच दिवशी पुन्हा पुन्हा करायची, सोडा, परत पकडा. त्यानंतर उडीबाज कोळ्याला मागून पेन्सिलीने, मग बोटाने हलकेच हात लावायचा, आणि जमलं तर एका हातावरून दुसऱ्या हातावर चालू द्यायचा, एक हात संपला की पुढे दुसरा. थेरपिस्ट असेल तर आधी त्यांनी करून दाखवायचं, मग तुमचा हात त्यांच्या हातावर ठेवून, मग तुमचा तुम्ही. आणि हे थेरपिस्ट मंडळींसाठी: पुढे काय होणार ते आधी सांगा आणि होकार आल्याशिवाय काहीही करू नका. अचानक झाकण उघडणं, गंमत म्हणून जवळ नेणं, याने विश्वास गेला की सगळंच गेलं.

लपलेले आधार शोधा

मनापासून एक्सपोजर करूनही फरक पडत नाही तेव्हा मी पहिल्यांदा हेच तपासते. हातात चप्पल. कोपऱ्यात हिटचा डबा. बाथरूमचा दरवाजा अर्धवट उघडा. आईशी फोनवर बोलत बोलत आत जाणं. अंग चोरून, पँटचे पाय मोज्यात खोचून बसणं. एक डोळा मिटून बघणं. मनात शंभरपासून उलटे आकडे मोजणं. हे सगळं असताना काही झालं नाही तर मेंदू श्रेय कुणाला देतो? चपलेला. "चप्पल होती म्हणून वाचलो." नवी नोंद होतच नाही.

रामरक्षा किंवा नामस्मरण हा नाजूक विषय आहे म्हणून वेगळा लिहिते. रोजची श्रद्धा म्हणून म्हणता ते म्हणत राहा, त्याला कुणी हात लावत नाही. पण फक्त कोळी दिसल्यावर, न म्हटलं तर काहीतरी होईल म्हणून म्हणत असाल, तर सरावाच्या त्या दहा मिनिटांत ते बाजूला ठेवून बघा. खोल श्वास घेण्याचंही तसंच आहे, फक्त भीती दाबायला वापरलात तर तोही आधारच.

सगळं पहिल्याच दिवशी काढून टाकायचं असंही नाही. कुणी म्हणालं की रबरी हातमोजे घालून तरी मी ग्लास धरेन, तर घाला हातमोजे, सुरुवातच होत नसेल तर तेवढी सूट चालते, संशोधकांमध्येही यावर बरीच चर्चा होऊन थोडा विचारपूर्वक आधार सुरुवातीला हरकत नाही असं मत पुढे आलंय. फक्त हातमोजे कधी काढायचे हे आजच ठरवा. आधारांची यादी करा आणि दर सरावाला एक गाळा.

घरच्यांचं काम इथेच येतं. "अहो, जरा बघता का" म्हटल्यावर नवरा धावत जाऊन कोळी मारतो, त्यात प्रेमच असतं, पण दर वेळी तिच्या मेंदूला निरोप जातो की धोका खरा होता आणि तो निस्तरायला दुसरं माणूस लागतं. बँकेतली ती बाई आणि तिचा नवरा, त्या दोघांशी माझं असं ठरलं होतं की आधी तो दारात उभा राहणार पण आत बघणार नाही, मग हॉलमध्ये बसणार, मग ती एकटी असतानाच. हे ठरवताना ती समोर हवी, तिचा होकार हवा, आणि एकदा ठरल्यावर तिने रडून बोलावलं तरी त्याने प्रेमाने पण ठामपणे हॉलमध्येच बसायचं. चेष्टा मात्र चालणार नाही. प्लॅस्टिकचा कोळी अंगावर टाकून "भीती मोडतो" म्हणणारे भाऊ, दीर, ऑफिसातले मित्र सगळीकडे असतात, त्यांना स्पष्ट सांगा की याने भीती वाढते.

तोंडाने बोला, आणि खरं बोला

२०१२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी कोळ्याला घाबरणाऱ्या ८८ जणांना जिवंत टॅरँट्युलासमोर (मोठा केसाळ कोळी) आणलं. काहींना सांगितलं की जे वाटतंय ते शब्दांत बोला, काहींना सांगितलं मनाला समजवा की तो काही करत नाही, काहींना विषय बदलायला सांगितला. आठवड्याने परत बघितलं तर ज्यांनी आपली भीती सरळ बोलून दाखवली होती त्यांच्या शरीराची प्रतिक्रिया, तळहाताच्या घामावरून मोजलेली, सगळ्यात कमी होती. म्हणून "काही नाही, काही नाही, छोटासाच आहे" असं घोकू नका. "मला भीती वाटतेय, हा केसाळ घाणेरडा कोळी माझ्या मानेवर चढेल असं वाटतंय, हात थरथरतोय" असं मोठ्याने म्हणा. ऐकायला विचित्र वाटतं, पण काम करतं.

भीती आणि किळस वेगवेगळ्या मोजा. बऱ्याच जणांची भीती उतरते आणि किळस तशीच राहते, आणि किळसच पुढे परत टाळाटाळ सुरू करते. नेदरलँड्समध्ये एका अभ्यासात कोळी चालून गेलेलं बिस्किट खायला दिलं, कोळ्याला घाबरणाऱ्या बायकांपैकी बहुतेकींनी ते नाकारलं, म्हणजे चावण्याच्या धोक्याचा काही संबंध नसतानाही. तर किळसेसाठी वेगळा सराव: कोळी ज्या पेन्सिलीवरून चालला ती हातात धरून बसा, कोपऱ्यातलं जळमट झाडूऐवजी बोटांनी काढा, आणि लगेच साबणाकडे धावू नका, थोडा वेळ तसेच बसा. किळस भीतीपेक्षा हळू उतरते, तिला जास्त वेळ आणि जास्त फेऱ्या द्या.

जागा बदला, क्रम मोडा

शिडी खालून वर एकेक पायरी चढायची ही पद्धत चुकीची नाही, सुरुवातीला तीच बरी. पण जरा जम बसला की क्रम मुद्दाम मोडा. आज छोटा, उद्या मोठा, परवा फोटो, मग एकदम ग्लास. आणि जागा बदला, हे तर कराच. २००२ मध्ये क्रास्के यांच्याच टीमने दाखवलं की ज्या खोलीत उपचार झाले तिथे धीट झालेली माणसं दुसऱ्या जागी कोळी दिसल्यावर जास्त घाबरतात. माझ्या क्लिनिकमधल्या टेबलावरचा शांत कोळी वेगळा आणि गणपतीत कोकणातल्या घरी गेल्यावर मागच्या पडवीत, अंधारात, बॅटरीच्या उजेडात दिसणारा वेगळा. भीतीपायी वर्षानुवर्षं गणपतीला गावी न गेलेली माणसं मला माहिती आहेत, कारण काहीतरी वेगळंच सांगतात, सुट्टी नाही, मुलांची परीक्षा. त्यांना मी सांगते, इथे शिकलेलं तिथे नेऊन परत करायचं. माळ्यावर चढा, पडवीत बसा, रात्री करा, एकटे करा, दमलेले असताना करा. ट्रेकला जाणाऱ्यांनी पावसाळ्यात सह्याद्रीतल्या पायवाटेवर आडव्या पसरलेल्या मोठ्या सोनेरी जाळ्याजवळ थांबून मधल्या कोळ्याकडे बघा, तो आपलं जाळं सोडून तुमच्यामागे येणार नाही, आणि येईल असं वाटत असेल तर तोच अंदाज लिहून तपासा.

फोटो, व्हिडिओ, मोबाइलवरचं ऑगमेंटेड रिअॅलिटी (कॅमेऱ्यातल्या खऱ्या खोलीत आभासी कोळी दाखवणारं) हे सगळं सुरुवातीला चालतं. बाझेल विद्यापीठाने फोबिस नावाचं एक ॲप केलंय ज्यात टेबलावर कोळी दिसतो, त्याने फायदा होतो असा त्यांचा अभ्यास आहे, आणि व्हीआर हेडसेटवरचे निकालही चांगले आहेत. पण आपल्याकडे हेडसेटपेक्षा कोळी मिळणं सोपं, तेव्हा तिथेच अडकून राहू नका.

सराव शक्यतो सकाळी ठेवा. २०१४ च्या एका अभ्यासात सकाळी आठला केलेलं एक्सपोजर संध्याकाळी सहाच्या पेक्षा जास्त चांगलं लागू पडलं, सकाळी कॉर्टिसॉल (शरीरातलं ताणाचं संप्रेरक) जास्त असतं त्याच्याशी याचा संबंध लावतात. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात सेशननंतर लगेच दीड तास झोपलेल्यांची भीती आठवड्याने जास्त कमी झालेली दिसली. म्हणजे रविवारी सकाळी सराव, मग जेवून दुपारची झोप. एवढं जमत नसेल तर अडून बसू नका, हे जादाचं आहे, मूळ काम वहीतलं.

गोळ्यांबद्दल

सरावाआधी अल्प्राझोलॅमसारखी भीती शमवणारी गोळी घेऊन जाऊ नका. विमानप्रवासाच्या भीतीवर १९९७ मध्ये झालेल्या अभ्यासात गोळी घेतलेल्यांना पहिल्या प्रवासात बरं वाटलं, पण आठवड्याने गोळीशिवाय गेले तेव्हा त्यांची भीती इतरांपेक्षा जास्त होती. ॲमस्टरडॅममध्ये मेरेल किंट यांच्या टीमने २०१५ मध्ये कोळी दोन मिनिटं दाखवून मग ४० मिलीग्रॅम प्रोप्रानोलॉल (हृदयाचे ठोके कमी करणारी गोळी) देऊन बघितलं आणि एका वर्षापर्यंत चांगला परिणाम मांडला. हे वाचून बरेच जण विचारतात, आपण घेऊ का. घेऊ नका. दम्याच्या माणसाला ती गोळी धोक्याची ठरू शकते आणि हा अजून रोजच्या वापरातला उपचार नाही. आणि तुम्हाला आधीच कुठली गोळी चालू असेल तर ती या सरावासाठी मनाने बंदही करू नका, डॉक्टरांशी बोला.

एकट्याने करायचं का

हे मी जरा जोर देऊन सांगते. १९९१ मध्ये ओस्ट आणि सहकाऱ्यांनी अर्ध्या लोकांना थेरपिस्टबरोबर एक सेशन दिलं आणि अर्ध्यांना छापील पुस्तिका देऊन घरी करायला सांगितलं. थेरपिस्टबरोबरच्या ७१ टक्के लोकांमध्ये ठळक सुधारणा झाली, पुस्तिकावाल्यांमध्ये ६ टक्के. १९९५ मध्ये कोळ्यासाठीच खास लिहिलेली पुस्तिका लोकांना क्लिनिकमध्ये बसून वापरायला दिली तेव्हा निकाल घरच्यापेक्षा कितीतरी चांगला आला. म्हणजे सूचना तीच असली तरी घरी एकटं असताना माणूस टाळतो, उद्यावर ढकलतो, कोळी सापडलाच नाही म्हणतो. म्हणून भीती मध्यम असेल तर निदान एक शांत माणूस बरोबर घ्या, वेळ ठरवून, दोन-तीन तास मोकळे ठेवून. आणि भीती सहा महिन्यांहून जुनी असून त्यापायी घर, प्रवास, झोप, नोकरी यातलं काही अडत असेल, किंवा हृदयाचा त्रास असेल, बाकी वेळीही पॅनिक अटॅक येत असतील, लहान मूल असेल, तर सरळ तज्ज्ञाकडे जा.

भीती मधूनच परत डोकं वर काढेल, विशेषतः बरेच दिवस कोळी दिसला नाही की. त्याने घाबरून जाऊ नका, जुनी नोंद तिथेच आहे हे वर सांगितलंच. वही उघडा, आश्चर्याचा रकाना वाचा आणि त्याच आठवड्यात एकदा ग्लास-पत्रिका करा. पावसाळ्याच्या तोंडावर एक फेरी मुद्दाम केलेली बरी.

थेरपिस्ट निवडताना आरसीआयकडे (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे का बघा, आणि पहिल्याच फोनवर तीन गोष्टी विचारा: फोबियासाठी एक्सपोजर करता का, प्रत्यक्ष जिवंत कोळी आणता का, आणि सलग दोन-तीन तासांचं सेशन देता का. नुसतं बोलणं आणि रिलॅक्सेशन एवढंच उत्तर आलं तर आभार मानून दुसरीकडे विचारा. गावात कुणीच नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, जवळ कुठे जायचं ते तिथे विचारा.